चिंतेची हजेरी

ऑक्टोबर २०२४ चा दुसरा आठवडा. मिल्टन चक्रीवादळ मेक्सिकोच्या आखातातून फ्लोरिडाकडे निघालं होतं आणि टॅम्पाजवळ राहणारी माझी आतेबहीण घर सोडावं की नाही या विचारात होती. त्याच सुमारास मी गोव्यात, फोंड्याच्या बाजारातल्या झेंडूच्या राशींचा, एका जुन्या रशियन लेन्सनं काढलेला फोटो छायाचित्रणाच्या ग्रुपवर टाकला. कुणीतरी तो उचलून घरच्या ग्रुपवर आणला. त्याखाली एका चुलतभावानं लिहिलं, ‘तिथं माणसं जीव मुठीत धरून पळतायत आणि तुला फुलं सुचतायत?’ वास्कोच्या मावशीनं तर सरळ फोनच केला, ‘तुका कांयच दिसना रे?’, म्हणजे तुला काहीच कसं वाटत नाही?

दोघंही मनानं चांगली माणसं आहेत, म्हणूनच या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवं. शिवाय हा आमच्या एका घराचा प्रश्न राहिलेला नाही. गोव्यात असं घर शोधावं लागेल, ज्याचं कुणी आखातात नाही, लिस्बनला नाही, लंडनजवळ नाही, क्रूझवर नाही. मायामीहून सुटणाऱ्या जहाजांवर आपली किती पोरं भांडी घासतात, खोल्या आवरतात, स्वयंपाकघर चालवतात! कॅरिबियनमध्ये वादळ उठलं की कप्तान जहाजाचा मार्ग बदलतो आणि पेडण्यात, काणकोणात त्यांच्या आयांची झोप उडते. एवढी माणसं एवढ्या ठिकाणी पसरल्यावर जगात कुठं ना कुठं, कुणाच्या ना कुणाच्या डोक्यावर काहीतरी येतच असणार. अशा वेळी इकडच्यांनी कसं वागावं? मला वाटतं, आपण या प्रश्नाचं उत्तर विचार न करता ठरवून टाकलं आहे: सतत चिंता करायची, आणि ती करतोय हे दिसलं पाहिजे. हे उत्तर मला चुकीचं वाटतं.

आधी या चिंतेत आपण नेमकं काय करतो ते पाहू. अमेरिकेचं राष्ट्रीय हरिकेन केंद्र दर सहा तासांनी बुलेटिन काढतं. फ्लोरिडा त्या दिवसांत आपल्यामागे साडेनऊ तास असतो, म्हणजे आपल्याकडे ही बुलेटिनं दुपारी अडीचला, रात्री साडेआठला, पहाटे अडीचला आणि सकाळी साडेआठला येतात. किनाऱ्याला इशारा लागला की मध्ये तीन-तीन तासांनी आणखी एक. आमच्या ग्रुपवर पहाटे अडीचचं बुलेटिन पावणेतीनला हजर असायचं. म्हणजे कुणीतरी गजर लावून उठत होतं. त्याबरोबर तो प्रसिद्ध नकाशा: वादळाच्या पुढच्या वाटेवर रुंद होत जाणारा पांढरा शंकू. तो काय सांगतो हे मात्र गजर लावून उठणाऱ्यानंही वाचलेलं नव्हतं. गेल्या पाच वर्षांच्या अंदाजांत किती चूक झाली त्यावरून तो आखतात, आणि वादळाचा मध्यबिंदू त्याच्या आत राहण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांश असते. म्हणजे तीनपैकी एकदा तो बाहेर जाणार, हे गृहीतच आहे. आणि वादळ किती मोठं, पाऊस कुठं, समुद्र कुठं चढणार, यातलं काहीही तो शंकू दाखवत नाही.

मिल्टननं हे सगळं दाखवून दिलं. ६ ऑक्टोबरला ते पहिल्या श्रेणीचं हरिकेन झालं आणि एक दिवस उलटायच्या आत पाचव्या, म्हणजे सर्वोच्च, श्रेणीवर पोचलं. टॅम्पाच्या खाडीत समुद्र १० ते १५ फूट चढेल असा इशारा होता. त्याच्या दोनच आठवडे आधी, २६ सप्टेंबरला, हेलीन येऊन गेलं होतं. त्यात भिजलेल्या गाद्या, फर्निचर, भिंतींचे पत्रे यांचे ढीग अजून रस्त्याकडेला पडून होते आणि हे सगळं आता वाऱ्यावर उडणार अशी धास्ती होती. आमचा ग्रुप टॅम्पाच्या खाडीवर डोळे लावून बसला. प्रत्यक्षात मिल्टन ९ तारखेच्या रात्री, आपल्या १० तारखेच्या सकाळी सहाच्या सुमारास, खाडीच्या दक्षिणेला सिएस्टा की इथं किनाऱ्याला लागलं. वादळाचा मध्य खाली सरकल्यामुळे टॅम्पाच्या खाडीतलं पाणी चढण्याऐवजी समुद्राकडे ओढलं गेलं. शेजारच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये ४५० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, एका स्टेडियमचं छप्पर फाटलं, ३० लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. आणि माणसं? त्या वादळात एका ठिकाणी सर्वांत जास्त माणसं मेली ती राज्याच्या पार दुसऱ्या किनाऱ्यावर, अटलांटिकच्या बाजूला, फोर्ट पिअर्सजवळच्या एका वस्तीत. वादळ किनाऱ्याला लागायच्या कितीतरी तास आधी, त्याच्या बाहेरच्या पावसाच्या पट्ट्यांतून सुटलेल्या टॉर्नेडोनं तिथं सहा जणांचा बळी घेतला. तिकडं आमच्यापैकी कुणीही पाहत नव्हतं.

मिल्टनच्या दोन वर्षं आधीचं इयन चक्रीवादळही असंच. सुरुवातीचे अंदाज टॅम्पाकडे बोट दाखवत होते, म्हणून सगळं लक्ष टॅम्पावर. २८ सप्टेंबर २०२२ ला ते फोर्ट मायर्सच्या बाजूला, कायो कोस्टाला, चौथ्या श्रेणीचं होऊन आलं. फोर्ट मायर्स ज्या ली काउंटीत येतं, तिथं स्थलांतराचा आदेश निघाला होता फक्त आदल्या दिवशी. फ्लोरिडात जवळपास दीडशे माणसं गेली, त्यांतली कितीतरी बुडून. नकाशावरच्या रेघेकडे टक लावणं आणि धोका ओळखणं यांत किती अंतर आहे हे तिथल्या अधिकाऱ्यांनासुद्धा महागात पडून कळलं. मग फोंड्यातून मोबाइल सरकवणाऱ्या आपली काय कथा!

तेव्हा चिंतेनं आपली माहिती वाढत नाही, हा पहिला मुद्दा. दुसरा जास्त टोचणारा आहे: आपली चिंता त्या माणसाच्या अंगावर पडते. आतेबहीण निघाली तेव्हा पेट्रोलपंप कोरडे पडत होते, उत्तरेकडे जाणारे रस्ते तुंबले होते, सासूबाईंची औषधं, मुलांचे कागद, मांजर, सगळं गाडीत कोंबायचं होतं. आणि तिच्या फोनवर गोव्यातून, पुण्यातून, दुबईतून एकच प्रश्न वेगवेगळ्या माणसांकडून येत होता. शेवटी तिनं ग्रुपवर लिहिलं, ‘सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देत बसले तर सामान कधी बांधू?’ त्याखाली एकोणीस अंगठे आणि हात जोडलेली चित्रं आली. म्हणजे तिचा फोन आणखी एकोणीस वेळा वाजला. वीज गेल्यावर फोनची बॅटरी हीच दोरी असते. बोलण्याऐवजी संदेश पाठवा, फोन थोडक्यात आटपा, असं तिथली यंत्रणा प्रत्येक वादळात सांगते. काळजीनं केलेला फोन त्या बॅटरीतूनच जातो.

आता लेन्सकडे येतो, कारण भांडण तिच्यावरून झालं. ती हेलिओस ४४-२, ५८ मिलिमीटर. मोरजीला हंगामात मुक्काम टाकणाऱ्या एका रशियन गृहस्थाकडून घेतलेली. रशियन माणसं गोव्यात आली त्यांच्याबरोबर त्यांच्या वडिलांचे झेनित कॅमेरेही आले, आणि मोरजी-हणजूणच्या बाजारांत अधूनमधून त्या काळाची काच हाताला लागते. हेलिओसचा मूळ आराखडा जर्मन, येना इथल्या झाइस कंपनीच्या बायोटार लेन्सचा. युद्धानंतर तो सोव्हिएत कारखान्यांत गेला आणि तिथं त्यातून अमाप लेन्स निघाल्या. तिच्यात एक दोष आहे. अॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं भोक, पूर्ण उघडं ठेवून जवळच्या वस्तूवर फोकस केला की मागची पानं, दिवे, ऊन मधल्या वस्तूभोवती गरगर फिरल्यासारखं दिसतं. कडेची प्रकाशकिरणं नीट न आवरल्यामुळे हे होतं. त्या काळच्या अभियंत्यांना ते नकोच होतं. आजचे हौशी लोक त्या दोषासाठीच ही लेन्स घेतात. नव्या महागड्या लेन्समधून हा दोष काढायला जपान्यांनी संगणक झिजवले, आणि आम्ही तो परत मिळवायला मोरजीला जातो.

ही सगळी चैन मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांमुळे जमते. पॅनासॉनिकनं २००८ मध्ये पहिला काढला, सोनीनं २०१३ मध्ये पूर्ण आकाराच्या सेन्सरचा आणला. आरसा गेल्यानं सेन्सर पुढे, लेन्सच्या जवळ आला; जुन्या लेन्सला लागणारं जास्तीचं अंतर धातूचं एक अडॅप्टर भरून काढतं, आणि मग जगातली जवळजवळ कुठलीही जुनी काच चालते. एम-४२, म्हणजे लेन्स कॅमेऱ्यावर पिळून बसवायचा ४२ मिलिमीटरचा साधा आट्याचा साचा, पूर्व जर्मनी, जपान, रशिया सगळीकडे एकच होता, त्यामुळे राजकारणाच्या दोन टोकांना बनलेल्या लेन्स एकाच अडॅप्टरवर फिरतात. कॅमेऱ्याला मात्र लेन्स कोणती लागली आहे हेही कळत नाही. फोकस हातानं, अॅपर्चर हातानं. हेलिओसवर तर अॅपर्चरची दोन कडी आहेत: एकावर आकडा ठरवायचा, दुसऱ्यानं उघडझाप करायची. झेंडूच्या राशीवर फोकस नेमका आणायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात डोक्यात दुसरं काही राहत नाही. ज्याला हे व्यसन नाही त्याला समजावणं अवघड आहे. असलेल्याला सांगायची गरज नाही.

गोव्यात या छंदाचा खरा शत्रू बुरशी. जून ते सप्टेंबर आमची हवा इतकी ओली असते की चामड्याच्या चपलांवर हिरवी साय धरते, मग लेन्सच्या आत काय होत असेल! आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात, आणि वेळीच पकडलं नाही तर त्यांच्यातून सुटणारं आम्ल कोटिंग खातं. मग ती काच कितीही पुसा, डाग जात नाही. ज्यांना परवडतं ते विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घेतात. बाकीचे घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि आत आर्द्रता मोजणारं एक छोटं हायग्रोमीटर. काटा चाळीस-पन्नासमध्ये राहिला तर ठीक. सुपर-टाकुमार या जपानी बनावटीच्या काही जुन्या लेन्सांत थोरियम मिसळलेली काच आहे, केरळच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत असतं तेच थोरियम. ती वर्षानुवर्षांनी पिवळी पडते आणि उन्हात ठेवली की पुन्हा निवळते. पावसाळ्यात ऊन कुठून आणणार? तेव्हा ऑक्टोबर आला की गोव्यातले लेन्सवाले डबे उघडून गच्चीवर काचा मांडतात. अमेरिकेतला हरिकेनचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. अटलांटिकमधली काही मोठी वादळं नेमकी आम्ही काचा वाळवत असतो तेव्हा येतात. दरवर्षीचं हे जुळणं टाळायचं म्हटलं तर मला छंदच सोडावा लागेल.

माझ्याकडची दुसरी जुनी लेन्स काकांची, याशिनॉन, याशिका कॅमेऱ्याबरोबर आलेली. काका तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला, होते. जहाजावरून घरी आले की एक ट्रान्झिस्टर, एक घड्याळ, एक कॅमेरा असं काहीतरी निघायचं. त्या काळात जहाज कुठल्या समुद्रात आहे हे काकूला महिनोन्महिने माहीत नसायचं. पत्र आलं तर ते निघालेलं असायचं कित्येक आठवड्यांपूर्वी, म्हणजे पत्रातला सुखरूप माणूस आज सुखरूप आहे याची खात्री नाहीच. काकू काय करायची? कुळागराला, म्हणजे सुपारीच्या बागेला, पाणी सोडायची, सुपाऱ्या सोलायची, गणपतीला शेजारणींबरोबर फुगड्या घालायची, शिगम्याला रोमट, म्हणजे नाचत जाणारी मिरवणूक, बघायला सगळ्यांच्या पुढे असायची. नवरा समुद्रावर असताना ही नाचते कशी, असं तिला कुणी विचारल्याचं घरात कुणाला आठवत नाही. समुद्राशी संबंध असलेल्या माणसांना वाट पाहायची कशी हे माहीत होतं. आपल्याला ते विसरायला लावलं फोननं, कारण फोन आपल्याला भास देतो की पाहत राहिलं तर काहीतरी होईल.

आपल्या समाजानं दुःखाला नियम घालून दिले आहेत. सुतक किती दिवस, काय खायचं, काय नेसायचं, कुठल्या दिवशी केस काढायचे, गोड कधी करायचं. हे नियम काहींना जाचतात, पण त्यांचं एक काम असतं: ते संपतात. तेराव्यानंतर माणसाला पुन्हा जेवायला बसवायची जबाबदारी समाज घेतो. वाट पाहण्याला मात्र असा नियम नाही. कुणी गेलेलं नाही, जाईल असंही नाही, पण जाऊ शकेल. या मधल्या अवस्थेला सुरुवात-शेवट नाही. मग लोक सुतकाचेच नियम तिथं लावतात, फक्त त्यांना शेवट नसलेले करून. हसू नकोस, फोटो टाकू नकोस, बाहेर जेवायला जाऊ नकोस. मिल्टननंतर कुणीतरी वेगळ्या वादळात, मग कुणी आखातातल्या युद्धात, मग कुणी इस्पितळात. या हिशेबानं आजच्या गोमंतकीय माणसाला हसायचा दिवस उरणार नाही.

आणि या नियमांत एक मोठा पक्षपात आहे, जो मला त्या आठवड्यात जाणवला. मिल्टन आलं तेव्हा नवरात्र चालू होतं. गोव्यातल्या देवळांत मखरोत्सव असतो. देव सजवलेल्या मखरात बसवून, कीर्तनाच्या तालावर झुलवतात, चौघडा, आरत्या, माणसांची गर्दी. आत्या, म्हणजे टॅम्पाजवळ राहणाऱ्या मुलीची सख्खी आई, रोज संध्याकाळी मखर पाहायला जात होती. तिथं तिला आनंद होत होता, चेहऱ्यावर दिसत होता. तिला कुणी एका शब्दानं बोललं नाही, आणि बोलायला नकोच होतं. पण मग झेंडूंच्या फोटोनं काय घोडं मारलं? देवाच्या नावानं केलेल्या विसाव्याला परवानगी आणि काचेच्या नावानं केलेल्याला नाही, एवढाच फरक. आत्याला मखरापुढे जे मिळत होतं, तेच मला फोकसच्या कड्यावर मिळत होतं, असं मी म्हणालो तर ती रागावेल. तिच्या रागाचा मान राखून मी हे ग्रुपवर लिहिलं नाही, इथं लिहितोय.

‘घे की आनंद, पण जाहीर कशाला करतोस?’ हा आक्षेप सगळ्यांत वजनदार, आणि त्यात तथ्य आहे. ज्याच्या घरात पाणी शिरतंय त्याला स्वतःच्या ग्रुपवर दुसऱ्याची फुलं दिसू नयेत. तेवढं तारतम्य हवंच. पण हा आक्षेप चतुराईनं पुढे सरकतो: त्या ग्रुपवर नको, मग कुठल्याच ग्रुपवर नको, मग स्टेटसवरही नको. आतेबहिणीनं तो फोटो पाहिला, आणि तिला काही वाटलं नाही हेही मला माहीत आहे. तिनं लेन्स कुठली ते विचारलं. वाटलं ते इकडच्यांना. दुखावल्याचा हक्क ज्यांचा होता त्यांनी तो बजावला नाही, त्यांच्या वतीनं दुसऱ्यांनीच बजावला. असं आजकाल फार होतं.

छंदाला मी सरसकट माफी मात्र देत नाही. अंतरावर बरंच काही अवलंबून असतं. मे २०२१ मध्ये तौक्ते गोव्याच्या किनाऱ्याला घासून गेलं. जमिनीवर ते पुढे गुजरातमध्ये उतरलं, पण १५-१६ मेच्या त्या वाऱ्यानं आपल्याकडे झाडं उन्मळली, तारा तुटल्या, काही गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. त्यात कोविडची दुसरी लाट भरात. विहीर आहे पण पंप बंद, टाकी आहे पण रिकामी. शेजारी कुणाच्या घरी आजारी माणूस ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर आणि वीज नाही. त्या दिवशी मिरामारला किंवा दोनापावलाला जाऊन खवळलेल्या लाटांचे नाट्यमय फोटो काढणाऱ्याला मी छंदिष्ट म्हणणार नाही. तिथं कोयता हवा होता, फांद्या ओढायला हात हवे होते, ज्याच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यानं वाड्यावरचे, म्हणजे आसपासच्या वस्तीतले, फोन चार्ज करून द्यायचे होते. जीवरक्षक शिट्ट्या मारून मागे बोलावत असताना पाण्याच्या कडेला कॅमेरा घेऊन उभा राहणारा तर वर त्या जीवरक्षकाचाही जीव टांगणीला लावतो. जिथं आपला हात पोचतो तिथं हात लावायचा, लेन्स डब्यात. जिथं हात पोचत नाही तिथं हातानं काय करावं याचा हिशेब मात्र कुणी मागू नये.

आता माझी खरी तक्रार सांगतो. जी माणसं ऑक्टोबरमध्ये पहाटे अडीचला उठतात ती मे महिन्यात काय करतात? फ्लोरिडात स्थलांतराचे विभाग अक्षरांनी ठरलेले आहेत. अ विभागाला आधी निघावं लागतं, मग ब, असं. ते वाऱ्यावर ठरत नाहीत, समुद्राचं पाणी कुठवर चढेल त्यावर ठरतात. पाण्यापासून दूर जा आणि वाऱ्यापासून आडोसा घ्या, हे तिथलं साधं सूत्र. आपली बहीण, भाचा, मित्र कुठल्या विभागात राहतो हे कुठल्या घरात माहीत असतं? त्यांच्या विम्यात पुराचं पाणी येतं का? तिथं साध्या घरविम्यात पूर येत नाही, तो वेगळा काढावा लागतो. निघायची वेळ आली तर राज्याच्या आतल्या भागात कुणाकडे जाणार? वृद्ध सासूबाईंच्या औषधांचा साठा किती? हे विचारणारा एक फोन मे महिन्यात केला तर त्याचं मोल ऑक्टोबरच्या शंभर हात जोडलेल्या चित्रांपेक्षा जास्त. तेव्हा फोन घ्यायला तिला वेळही असतो.

हेच आपल्या किनाऱ्याला लागू होतं. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात जवळपास दहा हजार माणसं गेली. २०१३ मध्ये फायलिन आलं तेव्हा जवळपास दहा लाख लोकांना आधीच हलवलं होतं, आणि बळी पन्नासच्या आत राहिले. मधल्या चौदा वर्षांत ओडिशानं निवारे बांधले, गावोगाव स्वयंसेवक तयार केले, लोकांना घर सोडायची सवय लावली; हे सगळं कंटाळवाणं काम आभाळ स्वच्छ असताना झालं. अरबी समुद्रात वादळं येत नाहीत या समजुतीवर आपण फार काळ काढला. २००९ चं फयान, २०१७ च्या ओखीनं किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये घातलेलं पाणी, मग तौक्ते: आता तो समज ठेवायला जागा नाही. केंद्राच्या चक्रीवादळ-धोका निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात गोवा होता. निवारे, भूमिगत वीजवाहिन्या, इशाऱ्याची यंत्रणा ही त्यातली कामं. आपल्या तालुक्यातला निवारा कुठं, त्याची किल्ली कुणाकडे, आपल्या वाड्यावरून जाणाऱ्या तारांवर कलंडलेला माड कुणाचा आणि तो कापायला अर्ज कुणी केला, हे ग्रामसभेत कितीजण विचारतात? मी ज्या ग्रामसभांना गेलो तिथं जमीन रूपांतर, कचरा आणि नळाचं पाणी यांवरून खुर्च्या सरकतात. माडावर कुणी बोललं तर सरपंच घड्याळ बघतात.

वाहिन्यांचा दोष आहेच. १० ऑक्टोबरच्या सकाळी सगळीकडे रतन टाटांच्या निधनाची बातमी होती आणि ते योग्यच होतं; पण त्याआधीचे दोन दिवस मिल्टनचे उपग्रहातले फिरते डोळे, खाली धडधडणारं संगीत, हे आपल्या घराघरात चाललं होतं. मनोरंजन म्हणून पाहिलेलं वादळ आणि काळजी म्हणून पाहिलेलं वादळ यांची चित्रं तीच असतात. मला विचाराल तर, ज्या माणसानं त्या दिवशी चार तास मिल्टनमध्ये क्रेन कोसळल्याचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला, त्यानं झेंडूंचे फोटो काढणाऱ्याला सुनावण्याआधी थोडं थांबावं.

मिल्टननंतर आमच्या घरात एक व्यवस्था ठरली आहे. कुणीही संकटात असलं तर त्याच्याशी एकच माणूस बोलेल, ठरलेल्या वेळी, आणि बाकीच्यांनी बातमी त्या माणसाकडून घ्यायची. आत्याचा याला कडाडून विरोध होता. आईला रांगेत उभं करता काय, असं तिचं म्हणणं. तिचं म्हणणं रास्त होतं, म्हणून टॅम्पाच्या बाबतीत तो एक माणूस तीच आहे. ती कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर ठेवते आणि समोरून आलेलं प्रत्येक वाक्य स्वतः मोठ्यानं परत म्हणते, त्यामुळे अर्ध्या वाड्याला वेगळं विचारायची गरजही पडत नाही. चुलतभावाला हे अजून पटलेलं नाही. पुढच्या हरिकेनला तो पुन्हा गजर लावणार आहे, असं त्यानं मला बजावून सांगितलं आहे.